अर्धा इंच म्हणजे नक्की किती?

सकाळी सहाला बादली घेऊन हॉस्टेलच्या बाथरूमबाहेर उभं राहणाऱ्यांना नळाची बारीक धार म्हणजे काय, हे मी सांगायला नको. टाकी भरलेली, नळ नवा, आणि धार सुतळीएवढी. जुन्या घरांत दोष बहुतेक वेळा भिंतीतल्या पाईपचा असतो. मागच्या सुट्टीत मिरजेला माझ्या मामाच्या घरातले पाईप बदलले. घर १९७४ चं, पाईप सगळे जीआय, म्हणजे लोखंडावर जस्ताचा थर दिलेले. फ्लुइड मेकॅनिक्स पहिल्यांदाच परीक्षेबाहेर उपयोगी पडलं, म्हणून हा लेख.

कॉन्व्हेंटमध्ये आमच्याकडून ‘रस्टिंग ऑफ आयर्न’ची व्याख्या घोकून घेतली होती. पण गंज जागा किती खातो, हे पाईप कापल्यावरच कळतं. जस्त आहे तोवर ते स्वतः झिजून लोखंडाला वाचवतं. ते संपलं की आतून गंजाचे फोड येतात आणि भोक लहान होत जातं. गरम पाण्याची लाईन आधी जाते, कारण साधारण ६० अंशांच्या वर जस्ताचं हे संरक्षण बेभरवशाचं होतं. अर्ध्या इंची जीआय पाईपचं (मध्यम वर्ग, निळा पट्टा) आतलं भोक असतं सुमारे १६ मिमी. मामाकडच्या तुकड्यात जेमतेम १० मिमी उरलं होतं.

आता गणित. क्षेत्रफळ उरलं ३९ टक्के, म्हणून पाणीही ३९ टक्के येईल असं वाटतं. पण हेझन-विल्यम्सच्या सूत्रात प्रवाह व्यासाच्या २.६३ व्या घातावर अवलंबून असतो. म्हणजे २९ टक्केच. शिवाय गंजामुळे पृष्ठभाग खरबरीत होतो. सूत्रातला ‘सी’ १२० वरून ८० वर आला असं धरलं, तर उरतं १९ टक्के. पाचातलं एक!

प्लंबरकाकांचा पहिला सल्ला होता, “साहेब, वरती प्रेशर पंप टाका, काम होईल.” मामा तयार होता. तोडफोड कोणाला हवी असते? पण टाकी नळापेक्षा ३ मीटर उंच, म्हणजे दाब फक्त ०.३ बार. त्याच पाईपमधून पाचपट पाणी ढकलायचं तर दाब सुमारे वीसपट लागतो, कारण घर्षण प्रवाहाच्या १.८५ व्या घाताने वाढतं. म्हणजे ६० मीटर, वीस मजली इमारतीवर टाकी बसवल्यासारखं. पन्नास वर्षांचे जॉईंट, सफेदा-धागा लावून आवळलेले, तेवढा दाब सोसतील? मी कागद मामापुढे ठेवला. तो म्हणाला, “अगं, हे आधी सांगायचं ना!” (आधी कोणी विचारलं होतं!)

मग नवा पाईप सीपीव्हीसी ठरला. साधा पीव्हीसी गरम पाण्याला चालत नाही, सीपीव्हीसी ९३ अंशांपर्यंत चालतो. पण इथेच खरी गंमत आहे. दुकानात “अर्धा इंच द्या” म्हटलं की मिळतो त्या सीपीव्हीसीचा बाहेरचा व्यास १५.९ मिमी आणि आतलं भोक फक्त १२ च्या आसपास. जीआयचा अर्धा इंच १६, याचा १२! सीपीव्हीसी गुळगुळीत असला तरी हिशेबाने तो नव्या जीआयच्या साठ टक्केच पाणी देतो. भिंती फोडून, पैसे घालून साठ टक्के. आम्ही टाकीपासून एक इंची, आतल्या लाईनी पाऊण इंची (भोक सुमारे १८ मिमी) आणि फक्त नळाजवळचा शेवटचा तुकडा अर्धा इंची घेतला. पैशाचा फरक मजुरीपुढे किरकोळ होता.

आणखी एक गोष्ट. सीपीव्हीसी तापला की लांबतो. १० मीटर पाईप ४० अंशांनी तापला तर २५ मिमीच्या आसपास, लोखंड ५ सुद्धा नाही. म्हणून गरम लाईन झिरीत सिमेंटने करकचून बुजवायची नाही आणि क्लॅम्पही आवळायचे नाहीत. गीझरच्या तोंडाशी धातूचाच जोड हवा.

सगळ्यात महत्त्वाचं मात्र पाण्याचं नाही, विजेचं आहे. मामाच्या गीझरमागे तांब्याची एक उघडी तार पाईपला गुंडाळलेली होती. तीच घराची अर्थिंग! जुन्या घरांत असं सर्रास करत. लोखंडी पाईप जमिनीत जायचा, त्यामुळे करंट उतरायलाही वाट असायची. त्या रस्त्यात कुठेही दोन फूट प्लास्टिक आलं की वाट बंद. पाणी नेहमीसारखं येतं, गीझर तापतो, कुणाला काही कळत नाही. मग एक दिवस गीझरचा एलिमेंट फुटतो आणि उरलेल्या धातूच्या नळाला ओला हात लागतो. प्लंबरला ती तार दिसली होती, पण ते ‘वायरमनचं काम’. वायरमनला कुणी बोलावलंच नव्हतं. मी काम थांबवायला लावलं. दोन दिवस आजीची कुरकुर ऐकली, पण आधी अंगणात नवीन अर्थिंगचा खड्डा झाला, ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी बसला, आणि मगच जुन्या पाईपला करवत लागली.

प्लास्टर करण्याआधी सगळे नळ प्लगने बंद करून हातपंपाने दाब दिला आणि काटा रात्रभर तसाच ठेवला. सकाळी तो जागेवर होता. स्वयंपाकघरात १० लिटरची बादली आधी साडेचार मिनिटांत भरायची, आता पन्नास सेकंदांत भरते. तुमच्या मजल्यावर किती लागतात, मोबाईलवर मोजून बघा. बादली तशीही हातात असतेच.