टोमॅटोचा दर कोण ठरवितो?



म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात आपल्यापैकी बहुतेकजण केव्हा ना केव्हा पिशवी घेऊन हिंडलेले असतील. चोर्ला घाट उतरून आलेली बेळगावची भाजी तेथे सकाळी ज्या दराने विकली जाते, त्या दराने ती संध्याकाळी विकली जात नाही. उन्हे कलू लागली की टोमॅटोचे ढीग स्वस्त होतात, पालेभाजीच्या जुड्या तर मागेल त्या किमतीला जातात. अर्थशास्त्राच्या तासाला एका विद्यार्थिनीने मला विचारले, "सर, हा दर ठरवितो कोण?" मी पुस्तकातले उत्तर दिले : मागणी आणि पुरवठा. उत्तर चुकीचे नव्हते, पण अपुरे होते, हे माझे मलाच जाणवले. तिची आई त्याच बाजारात भाजी विकते. तिला पुस्तकातले उत्तर ठाऊक असणारच.

माल जेव्हा देशाची सीमा ओलांडतो तेव्हा दराच्या पाठीशी सरकारचे धोरण उभे असते. आयात होऊ द्यावी की नाही, जकात किती घ्यावी, कोणती कीड आढळल्यास माल परत पाठवावा, हे सारे सरकार ठरविते. परंतु सरकारी अधिकाऱ्याने टोमॅटो पिकविलेला नसतो. त्याला हे सांगावयाचे कोणी? या प्रश्नाचे उत्तर अमेरिकेने कायद्यातच लिहून ठेविले आहे; म्हणून आज तिकडचे उदाहरण घेऊ.

अमेरिकेच्या १९७४ च्या व्यापार कायद्याने सल्लागार समित्यांची एक उतरंड रचली. शेतीसाठी एक धोरण-समिती आणि तिच्या जोडीला जिनसांनुसार तांत्रिक समित्या. धान्ये व तेलबिया यांची एक, जनावरे व त्यांपासून होणाऱ्या पदार्थांची एक, आणि फळे व भाज्या यांची एक. सभासदांची नेमणूक शेतीमंत्री आणि व्यापार-प्रतिनिधी हे दोघे मिळून करतात. परदेशांशी बोलणी चालू असताना जे मसुदे सामान्य नागरिकाच्या दृष्टीस पडत नाहीत, ते या सभासदांना पाहावयास मिळतात. मात्र त्याआधी त्यांची सरकारी तपासणी होते आणि वाचलेले गुप्त राखण्याचे बंधन त्यांच्यावर येते. करार तयार झाला की समितीने आपला अभिप्राय राष्ट्राध्यक्षांना व काँग्रेसला, म्हणजे तेथील संसदेला, लेखी द्यावयाचा असतो. समिती म्हटली की आपल्याकडे चहा-बिस्किटांची आठवण होते; येथे काम त्याहून बरेच अधिक असते.

फळे-भाज्यांना निराळी समिती का, असे कोणी विचारील. गहू कोठारात थांबू शकतो. दर पडला तर शेतकरी दोन महिने वाट पाहतो. पिकलेला टोमॅटो दोन आठवडेही वाट पाहात नाही. बंदरात किंवा नाक्यावर कागदपत्रांसाठी चार दिवस खोळंबा झाला, तर जकात एक पैसाही न वाढविता त्या मालावर बंदी घातल्यासारखेच होते. धान्याच्या व्यापाऱ्यास हे सहजी सुचत नाही. भाजीवाल्याला ते पाठ असते.

आता टोमॅटोचीच गोष्ट पाहा. अमेरिकेत कडाक्याच्या थंडीत उघड्या शेतातला टोमॅटो मुख्यतः फ्लोरिडात पिकतो. त्याच दिवसांत मेक्सिकोच्या सिनालोआ प्रांतातही तो पिकतो. १ जानेवारी १९९४ रोजी अमेरिका, कॅनडा व मेक्सिको यांचा मुक्त व्यापाराचा करार अमलात आला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात मेक्सिकोच्या पेसोचे मूल्य कोसळले. मेक्सिकोचा माल अमेरिकेत एकाएकी स्वस्त झाला. फ्लोरिडाच्या बागाईतदारांनी तक्रार केली की हा माल रास्त भावाहून कमी दराने आमच्या बाजारात ओतला जात आहे. १९९६ मध्ये तडजोड झाली : मेक्सिकोच्या उत्पादकांनी ठरलेल्या किमान दराखाली विकू नये, आणि अमेरिकेने चौकशी स्थगित ठेवावी. ही तडजोड पुढे २००२, २००८, २०१३ व २०१९ मध्ये पुन्हा पुन्हा नवी करण्यात आली.

फ्लोरिडाचे खरे गाऱ्हाणे कायद्याच्या हिशेबाविषयी होते. नुकसान मोजावयाचे ते साऱ्या देशाच्या उत्पादनावरून. पण आमचा हंगाम तर हिवाळ्याचाच, मग वर्षभराच्या आकड्यांत आमचे दुःख दिसणार कसे? हंगामापुरता व प्रदेशापुरता हिशेब करावा, अशी सूचना २०१७ मध्ये अमेरिकेने नव्या कराराच्या बोलण्यांत मांडली. तिला मेक्सिकोचा विरोध होताच. पण घरचाही विरोध होता. कॅलिफोर्निया व वॉशिंग्टन या पश्चिमेकडील राज्यांतील फळबागाईतदार आपला माल परदेशी पाठवितात. उद्या मेक्सिकोने हेच हत्यार आमच्या सफरचंदांवर उगारले तर, अशी त्यांना धास्ती होती. फळे-भाज्यांचा 'उद्योग' एकमुखाने बोलतो, असे आपण दुरून समजतो. प्रत्यक्षात फ्लोरिडाचा टोमॅटो आणि वॉशिंग्टनचे सफरचंद एकाच समितीच्या कक्षेत येतात, आणि दोघांचे हित परस्परविरुद्ध असते. १ जुलै २०२० रोजी अमलात आलेल्या नव्या करारात ती हंगामी तरतूद नाही. पुढे १४ जुलै २०२५ रोजी अमेरिकेने टोमॅटोची तडजोडही संपविली आणि मेक्सिकोच्या बहुतेक टोमॅटोवर सुमारे १७ टक्के शुल्क बसविले.

अशा समित्यांत जागा बहुधा मोठ्या उत्पादकांच्या, त्यांच्या संघांच्या व व्यापारी कंपन्यांच्या वाट्यास येतात. बाहेरच्यांना शिरकाव मिळविण्यास कधी न्यायालयात जावे लागते. लाकूड व कागद उद्योगांच्या समित्यांवर पर्यावरणाची बाजू मांडणारा एकही सभासद नाही, म्हणून १९९९ मध्ये सिअ‍ॅटलच्या संघीय न्यायालयाने तसा सभासद घेण्याचा आदेश दिला होता.

आपल्याकडे काय आहे? १९८६ मध्ये स्थापन झालेल्या 'अपेडा' या निर्यात-विकास प्राधिकरणावर उद्योगांच्या प्रतिनिधींना कायद्यानेच जागा दिली आहे. नाशिक जिल्ह्यातील लासलगावचे उदाहरण मला नेहमी आठवते. कांद्याला मोड येऊ नयेत म्हणून तेथे किरणोत्सर्गाचे केंद्र उभारले गेले. फळमाशी व कोयीतील भुंगेरा यांच्या भीतीने १९८९ पासून अमेरिकेचे दार बंद झालेला आपला आंबा, २००७ मध्ये त्याच केंद्रात प्रक्रिया होऊन पुन्हा तिकडे गेला. त्यासाठी दोन सरकारे व त्यांचे शास्त्रज्ञ दीर्घकाळ बोलत होते. आणि त्याच लासलगावचा कांदा ८ डिसेंबर २०२३ पासून निर्यातबंदीत सापडला, तेव्हा रातोरात निर्णय झाला. शेतकरी रस्त्यावर आले, लिलाव बंद पडले. शहरातील गृहिणीला कांदा परवडावा, ही सरकारची चिंता खोटी नव्हती. परंतु ज्याच्या चाळीत कांदा होता त्याला आधी कोणी विचारले नाही, हे मला त्या बंदीहूनही अधिक खटकते. बंदी ४ मे २०२४ रोजी उठली. तोवर चाळीतला बराच माल पडेल त्या दराने गेला होता.

हे सर्व वर्गात सांगून झाल्यावर त्याच विद्यार्थिनीने पुन्हा हात वर केला. या खेपेस तिने कोकणीतच विचारले, आणि मराठीच्या तासाचा नियम आम्ही दोघेही विसरलो. तिच्या आईसारख्या बाईला त्या अमेरिकन समितीवर जाता येईल का, असे तिला विचारावयाचे होते. मी म्हटले, "अर्ज करता येतो. पण सभासदांना वेतन नाही, आणि वॉशिंग्टनला जाण्यायेण्याचा खर्चही ज्याचा त्याने करावयाचा."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हणजे शुक्रवारचा बाजार बुडवून जायचे."

मी "होय" म्हटले.