गोष्ट तीच, सांगणारा दुसरा

(वाचनपाठ, पातळी ४. आधी एकदा मनात वाचा, मग मोठ्याने.)

चिमणी-कावळ्याची गोष्ट तुम्ही ऐकली असेलच. आजीच्या मांडीवर नाहीतर व्हिडिओ कॉलवर, पण ऐकली असेल. पाऊस येतो, कावळ्याचं शेणाचं घर वाहून जातं, चिमणीचं मेणाचं घर टिकतं. कावळा दार वाजवतो आणि चिमणी बाळाचं एकेक काम सांगत त्याला बाहेर उभं करते. आता जरा आठवून पाहा, शेवटी काय होतं? कुणाच्या घरी चिमणी दार उघडते आणि गोष्ट संपते. कुणाच्या घरी कावळा आत येऊन गरम तव्यावर बसतो आणि त्याला चटका बसतो. आमच्या वर्गात हा प्रश्न विचारला तेव्हा चार घरांतून चार शेवट आले, आणि प्रत्येकाला आपलाच शेवट खरा वाटत होता.

ह्या पाठात आपण एक खेळ शिकणार आहोत. मित्रमंडळींनी मिळून खेळायचा. एकाने लिहिलेली गोष्ट दुसऱ्याने पुन्हा लिहायची. भाषांतर नाही, दुरुस्तीही नाही. घडलेलं तेच, पण सांगणारा बदलायचा, किंवा जागा, काळ, शेवट बदलायचा. ह्याला ‘पुनर्लेखन’ म्हणतात. पुनः + लेखन. शब्द जड आहे, खेळ हलका आहे.

मराठीत हे नवीन नाही. शिवाजी सावंत ह्यांची ‘मृत्युंजय’ ही कादंबरी १९६७ साली आली. कर्णाची गोष्ट महाभारतात आहेच, पण ह्या कादंबरीत ती सहा जण आपापल्या तोंडाने सांगतात. कर्ण स्वतः सांगतो, कुंती सांगते, दुर्योधन सांगतो, कर्णाची बायको वृषाली, भाऊ शोण आणि कृष्णही सांगतो. फ्रान्समध्ये रेमों क्नो नावाच्या लेखकाने १९४७ साली आणखी गंमत केली. बसमधली एक क्षुल्लक घटना घेतली आणि तीच ९९ प्रकारांनी लिहिली. इतकी क्षुल्लक, की तुम्ही ती घरी येऊन कुणाला सांगणारही नाही. तरी पुस्तक झालं.

आता चिमणीकडे परत येऊ. कावळा सांगतोय असं समजा:

“त्या रात्री माझं घर गेलं. गेलं म्हणजे वाहूनच गेलं, आधी छप्पर, मग भिंती. मी भिजलो. पंख जड झाले. समोर चिऊताईच्या घरात दिवा होता. मी दार वाजवलं. आतून आवाज आला, ‘थांब हं जरा, बाळाला आंघोळ घालतेय.’ मी थांबलो. पुन्हा वाजवलं. आता बाळाचं जेवण चाललं होतं. खरं सांगू? थंडीपेक्षा मला त्या आवाजाचाच त्रास होत होता. किती मायेने बोलत होती ती बाळाशी!”

आणि आता चिमणी:

“काऊदादा वाईट नाही, हे मला ठाऊक आहे. पण मागच्या पावसाळ्यात बाहेर कोण आहे ते न बघता मी कडी काढली होती, आणि माझं एक पिल्लू गेलं. ह्या वेळी मी कडी काढली नाही. बाळाला आंघोळ घातली. पुसलं. परत पुसलं. बाळ केव्हाच कोरडं झालं होतं.”

दोन्ही परिच्छेद पुन्हा वाचा आणि क्रियापदांकडे लक्ष द्या. कावळा म्हणतो ‘मी भिजलो, मी थांबलो’. चिमणी भिजली असती तर ती म्हणाली असती ‘मी भिजले, मी थांबले’. इथे बोलणारा पुरुष की बाई, हे लगेच कळतं. पण ‘मी दार वाजवलं’ आणि ‘मी कडी काढली’ ह्यावरून काही कळतं का? नाही. कारण ज्या क्रियापदाला कर्म असतं, ते भूतकाळात बहुधा कर्माच्या मागे जातं. दार वाजवलं, कडी काढली, पेढा खाल्ला. खाणारा कोण ते महत्त्वाचं नाही, पेढा महत्त्वाचा! (विसरणे, शिकणे अशी काही क्रियापदं मात्र ऐकत नाहीत. ‘मी मराठी शिकलो’, ‘मी मराठी शिकले’ असंच म्हणायचं.) आणखी एक. ‘कावळ्याने दार वाजवलं’ ह्यात ‘ने’ आहे, पण ‘मी’ आला की तो ‘ने’ जातो. ‘मीने’ असं कुणी म्हणत नाही. परदेशात वाढलेली मुलं कधी कधी म्हणतात, आणि घरातले हसतात. हसू नये. नियम अवघडच आहे. गोष्ट ‘तो’वरून ‘मी’वर नेताना तो दहा-बारा वेळा वापरावा लागतो आणि मग आपोआप बसतो. व्याकरणाचा तक्ता पाठ करण्यापेक्षा हे मला बरं वाटतं.

ह्याहून सुंदर गोष्ट म्हणजे ‘आम्ही’ आणि ‘आपण’. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द आहे, म्हणून आपल्याकडून इथे नेहमी गोंधळ होतो. चिमणी आतून म्हणाली, “आम्ही आता जेवणार आहोत,” तर कावळा बाहेरच राहिला. ‘आम्ही’मध्ये ऐकणारा नसतो. ती म्हणाली, “आपण आता जेवणार आहोत,” तर दार उघडल्यासारखंच आहे. आमच्या गटात एका मुलीने गोष्टीचा सगळा शेवट ह्या एका शब्दावर लिहिला. चिमणी सबंध गोष्टभर ‘आम्ही’ म्हणते आणि शेवटच्या वाक्यात ‘आपण’. कडी काढल्याचं तिने लिहिलंच नाही. गरज नव्हती.

तर, खेळ कसा मांडायचा?

माणसं सहा ते दहा असावीत. त्याहून जास्त झाली तर वाचून दाखवण्याच्या दिवशी शेवटच्यांच्या वेळी सगळे जांभया देतात. प्रत्येकाने आपली एक छोटी गोष्ट द्यायची, ३०० शब्दांपर्यंत. शब्दमर्यादा पाळा. मोठ्या गोष्टीचं पुनर्लेखन करणाऱ्याची अर्धी शक्ती ती वाचण्यातच जाते.

गोष्टी वाटायच्या कशा? पहिला विचार येतो चिठ्ठ्यांचा. पण आठ जणांनी आठ चिठ्ठ्या उचलल्या, तर निदान एकाला तरी स्वतःचीच चिठ्ठी येण्याची शक्यता जवळजवळ ६३ टक्के असते. म्हणजे बहुतेक वेळा चिठ्ठ्या परत टाकाव्या लागतात. सोपा उपाय असा: सगळ्यांची नावं हवी तशी उलटसुलट करून गोलात लिहा आणि प्रत्येकाने आपल्या पुढच्याची गोष्ट घ्यायची. शेवटच्याने पहिल्याची. स्वतःची गोष्ट कुणालाच येत नाही, आणि गोष्टीवाचून कुणी राहत नाही.

मुदत दोन आठवडे पुरे. मात्र ‘शनिवारी सकाळी’ असं लिहून ठेवू नका. कुणाची सकाळ? हिवाळ्यात न्यू जर्सीत सकाळचे ७ वाजतात तेव्हा लंडनमध्ये दुपारचे १२, दुबईत ४ आणि पुण्यात साडेपाच झालेले असतात. उन्हाळ्यात अमेरिका आणि ब्रिटन घड्याळं पुढे करतात, दुबई आणि भारत करत नाहीत. त्यातही अमेरिकेचा दिवस वेगळा, ब्रिटनचा वेगळा, त्यामुळे मार्चमध्ये दोन-तीन आठवडे न्यू जर्सी आणि लंडन ह्यांच्यात पाचऐवजी चारच तासांचं अंतर राहतं. आम्ही एकदा त्याच आठवड्यात वाचन ठेवलं आणि अर्धे लोक तासभर रिकाम्या पडद्याकडे बघत बसले. तेव्हापासून वेळ भारतीय घड्याळानेच सांगतो. ते वर्षभर एकाच जागी असतं.

इंग्रजी शब्द चालतील का, हा प्रश्न दर वेळी येतो. माझं मत सांगते. घरात मराठी बोलताना जो शब्द तुमच्या तोंडी येतो, तो चालेल. फ्रीजला शीतकपाट म्हणायची गरज नाही. पण वाक्य मराठी हवं. ‘मी घरी पोचून चावी शोधली’ हे मराठी आहे, ‘मी लेट होते कारण की मी चावी फाइंड करत होते’ हे नाही. आणि ‘असे’ लिहा किंवा ‘असं’, पण एका गोष्टीत एकच धरा. पात्रं बोलतात तेव्हा मात्र बोलू द्या त्यांना, जशी ती बोलतील तशी.

आता मुख्य गोष्ट. ही मी चुकून शिकले.

मागच्या खेपेला गटातल्या एका मुलाने आजोबांवर गोष्ट दिली होती. आजोबा दर रविवारी फोन करतात, मोठमोठ्याने बोलतात, ‘जेवलास का रे?’ विचारतात. मग एका रविवारी फोन येत नाही. एवढीच गोष्ट. ती ज्याला मिळाली त्याने फोनच्या तोंडून लिहिली. फोन तक्रार करतोय: हा म्हातारा माझ्या कानात किती ओरडतो, मला बहिरं करणार! लिहिलं छान होतं. सगळे खळखळून हसले. मूळ लेखकाने कॅमेरा बंद केला.

गोष्ट खरी होती. आजोबा तीन महिन्यांपूर्वीच गेले होते. पुनर्लेखन करणाऱ्याला हे कुठून कळणार? त्याचा दोष नव्हता. विचारायला मी हवं होतं, आणि मी विचारलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी दोघांनाही फोन केला. ज्याने विनोदी लिहिलं होतं तो इतका शरमला, की आपलं लिखाण पुसून टाकू का, असं म्हणायला लागला. मी म्हटलं, थांब, ज्याची गोष्ट आहे त्याला विचारू.

त्याने ‘नको पुसूस’ असं सांगितलं. दोन आठवड्यांनी त्याच्याकडून एक पान आलं. त्याने पुनर्लेखनाचंच पुनर्लेखन केलं होतं. फोनच बोलतो, तक्रारही तीच करतो, विनोदसुद्धा तसेच ठेवलेले. फक्त शेवटी रविवार येतो, अकरा वाजतात, आणि फोन म्हणतो की आज माझा आवाज मीच मोठा करून ठेवलाय.

तेव्हापासून आमच्याकडे प्रत्येक गोष्टीबरोबर तिच्या लेखकाने दोन ओळी लिहायच्या असतात. पहिली: ही गोष्ट खरी आहे की कल्पित? दुसरी: हिच्यातल्या कशाला हात लावायचा नाही? काही जण लिहितात ‘काहीही बदला’. एकीने लिहिलं होतं, ‘आईचं नाव बदलू नका.’ दुसऱ्या ओळीत जे असेल ते पाळायचं. कारण विचारायचं नाही. आणि पुनर्लेखनाच्या वर मूळ लेखकाचं नाव आधी, आपलं नंतर.

गटातल्या गोष्टी संपल्या आणि छापील पुस्तकातली गोष्ट घ्यावीशी वाटली तर? वर्गात सरावापुरतं लिहिणं वेगळं आणि छापणं वेगळं. छापायचं असेल तर हक्क बघावे लागतात. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात, ब्रिटनमध्ये ७०. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यांचं लेखन आता दोन्हीकडे मोकळं आहे. लोककथा तर कुणा एकाच्या नसतातच.

वाचनाच्या दिवशी आधी मूळ गोष्ट वाचायची, मग नवी. नंतर पहिल्यांदा बोलायचं ते मूळ लेखकाने, आणि एकाच प्रश्नावर: माझ्या गोष्टीतलं काय टिकलं? ‘आवडली’, ‘मस्त’ हे शब्द पहिल्या फेरीत बंद. क्रमांक काढत नाही आम्ही. एकदा काढून पाहिला. तेव्हा ज्यांचं मराठी घरी रोज बोललं जातं तेच वर आले, आणि ज्यांना सगळ्यात जास्त सरावाची गरज होती ते पुढच्या खेपेला आलेच नाहीत. शुद्धलेखनाच्या चुका सगळ्यांसमोर सांगत नाही. प्रत्येकाला तीनच चुका, खाजगीत, पत्राने.

शब्दार्थ
क्षुल्लक – अगदी लहान, बिनमहत्त्वाचं
कडी – दार आतून बंद करायची साखळी किंवा दांडी
खेप – वेळ, फेरी (‘मागच्या खेपेला’ = मागच्या वेळी)
शरमणे – लाज वाटणे
कल्पित – मनाने रचलेलं

लिहा आणि बोला
१. ‘कावळा भिजला. कावळ्याने पंख झटकले. कावळा झाडाखाली बसला. कावळ्याने चिमणीला हाक मारली.’ ही चार वाक्यं कावळ्याच्या तोंडी लिहा. मग चिमणी कावळ्याशी ‘तू’ म्हणून बोलते आहे असं समजून पुन्हा लिहा. (सुरुवात: ‘तू भिजलास. तू पंख झटकलेस.’)
२. ‘आम्ही’ की ‘आपण’? शेजारीण दारात उभी आहे आणि तुम्हाला तिला जेवायला थांबवायचं आहे. काय म्हणाल? आणि थांबवायचं नसेल, पण तसं तोंडावर म्हणायचंही नसेल, तर?
३. तुमच्या घरी चिमणी-कावळ्याच्या गोष्टीचा शेवट काय सांगतात? घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला विचारा. त्यांनी सांगितलं तसंच, त्यांच्याच शब्दांत लिहून काढा.
४. आपली एक गोष्ट लिहा, ३०० शब्दांच्या आत. खाली त्या दोन ओळी लिहायला विसरू नका. गोलातली नावं पुढच्या तासाला.