काटा नाचतो तेव्हा

सिग्नलला थांबलो की माझ्या गाडीचा आरपीएमचा काटा ६०० वर घसरायचा, इंजिन गुदमरल्यासारखं करायचं आणि लगेच १२०० वर उडी. पुन्हा खाली. गॅरेजच्या भाषेत ‘हंटिंग’. हायवेला मात्र गाडी लोण्यासारखी. तीन महिने आणि अकरा हजार रुपये घालवून जे शिकलो ते असं.

१. गाडी थरथरते म्हणजे आयडलिंग बिघडलं, असं नाही. आधी काट्याकडे बघा. काटा स्थिर आणि स्टिअरिंग मात्र हलतंय, तर इंजिनाचं माउंटिंग बसलेलं असण्याची शक्यता जास्त. काटा नाचत असेल तरच पुढचं वाचा.

२. मिस्त्रीला ‘गाडी नीट चालत नाही’ सांगणं म्हणजे डॉक्टरला ‘बरं वाटत नाही’ सांगणं. कधी होतं? सकाळी की गरम झाल्यावर? एसी लावल्यावर? थंड इंजिनाची रेस (आरपीएम) थोडी जास्त असतेच. गरम झाल्यावर ती साधारण ७०० ते ८५० वर यायला हवी.

३. स्वस्तातलं आधी. इंजिनात हवा सोडणाऱ्या थ्रॉटल बॉडीच्या पाकळीभोवती काजळीचं कडं जमतं. आयडलिंगला हवा जाते ती पाकळीच्या कडेच्या चिरेएवढ्या फटीतून, तीच बुजली तर इंजिन गुदमरणारच. एसीचा भार आला की गाडी बंद पडते ती बऱ्याचदा यामुळे. क्लीनर आणि मऊ फडकं पुरतं. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची पाकळी बोटाने ढकलू नका, आतले गिअर प्लास्टिकचे असतात. साफ केल्यावर रेस थोडी वाढलेली दिसते. कॉम्प्युटरला नवी सवय लागली की खाली येते. माझ्या गाडीला ही सफाई हवीच होती, पण आजार वेगळा होता.

४. एकाच लयीत ‘धक... धक’ बसत असेल तर ते हंटिंग नव्हे, मिसिंग. संशय दुसऱ्या सिलिंडरच्या कॉइलवर असेल तर ती तिसऱ्यावर लावा, तिसऱ्याची दुसऱ्यावर. बिघाड कॉइलसोबत सरकला तर कॉइल गेली. नाही सरकला तर प्लग बघा, मग इंजेक्टर. ही दहा मिनिटांची अदलाबदल ठाऊक नसल्याने मी चारही कॉइल नव्या घेतल्या. जुन्या चारही ठणठणीत होत्या, अजून माळ्यावर आहेत.

५. आता खरा चोर. आयडलिंगला पाकळी जवळजवळ मिटलेली असते, त्यामुळे मॅनिफोल्डमधली, म्हणजे पाकळीपुढच्या हवेच्या नळीतली, ओढ तेव्हा खूप जास्त. एखाद्या रबरी नळीला चीर असेल तर सेन्सरने न मोजलेली हवा तिथून आत घुसते. मिश्रण पातळ होतं, कॉम्प्युटर पेट्रोल वाढवतो, रेस चढते, तो कमी करतो, रेस पडते. वेगात असताना इंजिन इतकी हवा पितं की ही चोरी खपून जाते. माझी गाडी हायवेला गुणी का वाटायची, हे तेव्हा कळलं.

गाडीच्या निदानाच्या सॉकेटला (ओबीडी) लावायचं एक छोटं यंत्र मोबाइलला जोडून बघितलं. फ्युएल ट्रिम, म्हणजे कॉम्प्युटर ठरल्यापेक्षा किती पेट्रोल जादा सोडतोय तो आकडा, उभ्या गाडीत अधिक २२ टक्के, २५०० आरपीएमला अधिक ४. चोरीच्या हवेचा हा जवळजवळ कबुलीजबाबच. पण चीर शोधली ती आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या मिस्त्रीने. नळीचा हातभर तुकडा एका टोकाने कानाला लावला, दुसरं टोक इंजिनावरून फिरवत राहिला. इंजिनातली वाफ परत आत नेणाऱ्या पीसीव्हीच्या नळीच्या कोपरावर, खालच्या अंगाला, ‘सूंऽऽ’ असा आवाज. त्याने तिथे अंगठा दाबला आणि काटा ७५० वर येऊन उभा राहिला. अंगठा काढला, पुन्हा नाच. नवी नळी १८० रुपयांची. (इंजिन गरम असताना क्लीनर फवारून गळती शोधणारेही असतात. पेट घेतो, नको.)

६. ‘बॅटरीची वायर काढून रीसेट करू’ आणि ‘रेस जरा वाढवून देतो’ ही दोन वाक्यं ऐकली की किल्ली परत मागा. कार्ब्युरेटरच्या काळात स्क्रू पिळून काम भागायचं. आताच्या गाड्यांत तो हिशेब कॉम्प्युटर ठेवतो. रीसेटने जुना हिशेब पुसला जातो, दोन दिवस बरं वाटतं आणि चीर तिथेच असते. मला असं दोनदा ‘बरं’ करून पाठवलं गेलं.

७. हे तपासताना गाडी बराच वेळ उभ्या जागी चालू ठेवावी लागते. बेसमेंटच्या पार्किंगमध्ये किंवा शटर ओढलेल्या गॅरेजमध्ये हे करू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. गाडी आधी उघड्यावर आणा, मग बॉनेट उघडा.