करार कुणाशी करावा?

म्हैसूर

चि. सई,

टेनपिन बोलिंगचं सामान विकणाऱ्या कंपनीत तू लागलीस आणि लगेच राष्ट्रीय विजेत्याशी करार करण्याचा प्रस्ताव लिहायला बसलीस. जरा दमानं घे.

आपल्या गावच्या जवागल श्रीनाथचंच बघ. कसोटीत 236 बळी, एकदिवसीय सामन्यांत 315. पण त्याच्या हातातल्या चेंडूवर कुठली कंपनी त्याचं नाव चालवणार? चेंडू क्रिकेट मंडळ ठरवतं, आणि समोरच्या संघालाही तोच मिळतो. स्टिकरला जागा बॅटवर. गंमत अशी, की 1987 साली चेन्नईत वेगवान गोलंदाज घडवायची शाळा काढली एमआरएफनं, श्रीनाथही तिथे शिकला. पण या टायरवाल्यांचं नाव घरोघरी दिसलं ते सचिनच्या बॅटवर! गोलंदाजाच्या वाट्याला फार तर बूट.

तुझ्या खेळात हे उलटं आहे. तिथे चेंडू खेळाडूचा स्वतःचा, त्याच्या बोटांच्या मापानं भोकं पाडून घेतलेला. लेनवरचं तेल खेळता खेळता सरकतं, म्हणून मुरलेला खेळाडू पिशवीत चार-सहा चेंडू बाळगतो आणि सामन्यात ते बदलतो. बघणारा हौशी खेळाडू तेच टिपत असतो. म्हणून तर 1964 मध्ये एबोनाइट या चेंडू बनवणाऱ्या कंपनीनं बोलिंगपटू डॉन कार्टरशी दहा लाख डॉलरचा करार केला. एवढ्या रकमेचा जाहिरात करार मिळवणारा तो कुठल्याही खेळातला पहिला खेळाडू मानला जातो. आजच्या काळात स्टॉर्म या चेंडू कंपनीकडे ऑस्ट्रेलियाचा जेसन बेलमाँटी आहे. त्याची दोन हातांनी चेंडू टाकण्याची तऱ्हा पोरांनी उचलली, आणि ती तऱ्हा जमवायला निघालेल्या पोराला वळणारा चेंडू लागतोच.

पण हे सगळं कुठे चालतं? जिथे दर आठवड्याला लीग खेळणारी माणसं आहेत तिथे. आपल्याकडे बहुतेक लोक वाढदिवसाला मॉलमध्ये जातात, बूट भाड्यानं घेतात आणि रॅकवरचा प्लास्टिकचा चेंडू उचलतात. त्यांना विजेत्याचं नाव ठाऊक नाही. ठाऊक असतं तरी ते चेंडू घेणार नाहीत. विजेत्याचा फोटो छापून तू कुणाला काय विकणार?

माझं ऐकशील तर विजेता घे, पण पोस्टरसाठी नको. महिन्यातले ठरावीक रविवार त्यानं लेनवर नवशिक्यांबरोबर घालवावेत, असं करारातच लिही. मानधन थोडं कमी आणि सामान जास्त दे. आणि चेंडूला भोकं पाडून देणाऱ्या कारागिराला विसरू नकोस. पहिला चेंडू घेणारा माणूस ‘कुठला घेऊ?’ हे त्यालाच विचारतो, तुमच्या पोस्टरला नाही. माझ्या मते तुमच्या कंपनीचा पहिला करार त्याच्याशीच व्हायला हवा.

प्रस्ताव वर पाठवण्याआधी बंगळुरूत चेंडूला भोकं पाडून देणाऱ्या एखाद्या दुकानात जाऊन बस, आणि गेल्या वर्षी किती जणांनी स्वतःचा चेंडू करून घेतला ते विचार. तो आकडा पहिल्या पानावर घाल.

तुझा,
मामा