धागा आणि आशा

(शास्त्रवाचन : यहोशवा अध्याय २, ईयोब ७.१-६)

सुरतेजवळ कडोदरा म्हणून गाव आहे. मुंबई-अहमदाबाद रस्ता आणि धुळ्याकडून येणारा रस्ता (पूर्वीचा महामार्ग क्रमांक ६, आता ५३) तेथे एकमेकांस छेदतात. याच धुळ्याच्या वाटेने खानदेशातील कितीतरी कुटुंबे सुरतेकडच्या मागांवर पोट भरावयास गेली. त्यांच्या मुलांना धागा म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही.

आपल्या भाषेत त्याला नावे पुष्कळ. कातले ते सूत, सुईत ओवला तो दोरा, कोळ्याच्या जाळ्यातला तंतू. पोलिसांच्या हाती लागतात ते धागेदोरे. दोघांचे पटले की सूत जमते. सुतावरून स्वर्ग गाठणारे तर आपल्या मंडळ्यांतही आहेत, ते असो.

पवित्र शास्त्रात बहुधा धागा म्हणजे क्षुल्लक वस्तू. अब्राहाम सदोमाच्या राजाकडून सुताचा धागासुद्धा घेत नाही. शमशोन नवे दोर धाग्यासारखे तोडतो. परंतु राहाबेने खिडकीला बांधलेल्या किरमिजी दोरीसाठी मूळ इब्री भाषेत 'तिक्वा' हा शब्द आहे, आणि इतरत्र त्याच शब्दाचा अर्थ होतो आशा. (हेरांना खाली उतरविले त्या दोरासाठी तेथे निराळा शब्द आहे. दोन्ही एकच, असे वर्गात ठासून सांगू नये.)

आता ईयोबाकडे वळू. सातव्या अध्यायाच्या आरंभी तो स्वतःची तुलना सावलीची आणि मजुरीची वाट पाहणाऱ्या मोलकऱ्याशी करतो. मग म्हणतो की, आपले दिवस धोट्याहून वेगाने धावतात व 'तिक्वा'वाचून सरतात. आशेवाचून, हा अर्थ बरोबरच आहे. पण धोट्याच्या शेजारी तो शब्द आल्यावर ऐकणाऱ्याला धागाही ऐकू आला असेल. धोट्याच्या पोटात सुताची कांडी असते. प्रत्येक फेरीला ती थोडी रिकामी होते. सूत संपल्यावर धोटा कितीही धावला तरी कापड वाढत नाही.

सुरत भागात आता पुष्कळ माग पाण्याच्या फवाऱ्याने आडवा धागा टाकतात. तेथे धोटा नाही. मोलकऱ्याची रात्र मात्र तीच आहे.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांस एक विनंती. ईयोबाचे गाऱ्हाणे ऐकून घाईने राहाबेच्या खिडकीकडे धावू नका. रात्रपाळी करून आलेला बाप घरी झोपला आहे, असे एखादे मूल वर्गात असेल. त्याला ईयोबाचे म्हणणे आधी पुरते ऐकू द्या. त्या अध्यायात देवाने ईयोबाला मध्येच थांबविलेले नाही. राहाबेचा पाठ पुढच्या रविवारी घेतला तरी चालेल.

मुलांना दाखविण्यास भरलेली व रिकामी अशा दोन कांड्या आणाव्यात. न मिळाल्यास शिवणयंत्राच्या दोन बॉबिन पुरतील.