तारा आधी कोसळतो, मग फुटतो



१९९४ सालच्या ‘स्टार ट्रेक : जनरेशन्स’ या चित्रपटात खलनायक एका सूर्यावर अग्निबाण सोडतो. सूर्य तत्काळ विझतो आणि पाठोपाठ आलेली स्फोटाची लाट ग्रहाचे तुकडे करते. २००९ च्या ‘स्टार ट्रेक’मध्ये तर एका ताऱ्याच्या स्फोटाने अख्खी आकाशगंगा धोक्यात येते. पाहायला मजा येते, यात शंका नाही. पण खऱ्या ताऱ्याचा शेवट याहून विलक्षण असतो, आणि त्याची सुरुवात बाहेरून दिसतही नाही.

सुपरनोव्हाला मराठीत अतिनवतारा म्हणतात. त्याचा एक प्रकार श्वेत बटू ताऱ्यांपासून होतो, तो आज बाजूला ठेवू. सूर्याच्या आठपटींहून अधिक वस्तुमानाचा तारा घ्या. त्याच्या गाभ्यात हायड्रोजनपासून हेलियम, हेलियमपासून कार्बन, अशी जड होत जाणारी मूलद्रव्ये तयार होतात. त्यातून निघणारी ऊर्जा ताऱ्याचा भार तोलून धरते. हायड्रोजन लाखो वर्षे पुरतो; शेवटचे सिलिकॉन काही दिवसांतच संपते. उरते लोखंड, आणि तिथे गाडी अडते. लोखंडाच्या संमीलनातून ऊर्जा मिळत नाही, उलट खर्च होते. या गाभ्याचे वस्तुमान सूर्याच्या सुमारे १.४ पट झाले (हीच सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्या नावाची मर्यादा) की पृथ्वीएवढा तो गोळा एका सेकंदाच्या आत कोसळतो. मागे उरतो जेमतेम एखाद्या शहराएवढा न्यूट्रॉन तारा. बाहेरून अग्निबाण मारण्याची गरजच नाही!

मग स्फोट कसा होतो? मैदानावर बास्केटबॉलच्या वर टेनिसचा चेंडू ठेवून दोन्ही एकदम खाली सोडा. टेनिसचा चेंडू सोडला त्याहून कितीतरी उंच उडेल. कोसळणारे द्रव्यही कठीण झालेल्या गाभ्यावर आदळून असेच मागे उसळते. परंतु एवढ्याने भागत नाही. ही लाट वाटेतच अडखळते. तिला पुन्हा जोर देतात ते न्यूट्रिनो नावाचे अतिसूक्ष्म कण. एकूण ऊर्जेपैकी सुमारे ९९ टक्के ऊर्जा हेच कण घेऊन जातात. डोळ्यांना दिसणारा प्रकाश म्हणजे अगदी किरकोळ वाटा.

हे नुसते गणित नाही. सोमवार, २३ फेब्रुवारी १९८७, भारतीय वेळ दुपारी १ वाजून ५ मिनिटे. आपल्या शाळेच्या विश्वस्तांच्या आणि तुमच्या आजी-आजोबांच्या शरीरांतून अब्जावधी न्यूट्रिनो आरपार गेले. कुणाला ठसकाही लागला नाही! जपान, अमेरिका आणि रशियातील जमिनीखालच्या उपकरणांनी मिळून त्यांतील सुमारे दोन डझन पकडले. स्फोटाचा प्रकाश पोहोचला त्यानंतर काही तासांनी, कारण लाटेला ताऱ्याचा पृष्ठभाग गाठायला तेवढा वेळ लागतो. चिलीतून इयन शेल्टन यांनी तो तारा पाहिला. त्याचे अंतर होते सुमारे १,६८,००० प्रकाशवर्षे. जपानच्या प्रयोगाचे प्रमुख मासातोशी कोशिबा यांना पुढे २००२ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

चित्रपटातला झगमगाटही क्षणिक असतो. १९८७ चा तारा सर्वाधिक तेजस्वी झाला तो मे महिन्यात! स्फोटात तयार झालेले किरणोत्सारी निकेल आणि त्यापासून होणारे कोबाल्ट त्याला महिनोन् महिने तेवत ठेवतात. आणि ती प्रलयंकारी लाट? बाहेर फेकलेले द्रव्य साधारण सेकंदाला १०,००० किलोमीटर वेगाने जाते. प्रकाशाच्या मानाने हा वेग तिसावा हिस्सा. सूर्याच्या सर्वांत जवळच्या ताऱ्याइतके, म्हणजे सव्वाचार प्रकाशवर्षांचे अंतर कापायलाही त्याला शंभरावर वर्षे लागतील. खरी भीती असते ती आधी येणाऱ्या घातक किरणांची, आणि तीही काही दशक प्रकाशवर्षांच्या आत. अख्खी आकाशगंगा वगैरे काही नाही.

हिवाळ्यात रात्री मृग नक्षत्रातला तांबूस काक्षी जरूर पाहा; त्यालाच आर्द्रा म्हणतात. २०१९ च्या अखेरीस तो मंदावला, तेव्हा अनेकांना वाटले, आता फुटणार. पण तो धुळीच्या ढगाचा प्रताप होता. काक्षी एक दिवस फुटेल हे नक्की, कदाचित एक लाख वर्षांनी. तो पाचशेहून अधिक प्रकाशवर्षे दूर आहे, त्यामुळे आपल्याला धोका नाही. ती बातमीही आधी न्यूट्रिनोच आणतील. त्यासाठी जगभरच्या न्यूट्रिनो उपकरणांचे एक जाळे २००५ पासून आपोआप इशारा देण्याच्या तयारीत आहे.