वृक्षमाथ्यावरील कीटकांची गणना

उष्ण कटिबंधातील सदाहरित अरण्यात वृक्षांचे शेंडे एकमेकांत मिसळून उंचावर जणू हिरवे छतच तयार होते. तेथे ऊन, पाने व फुले विपुल असल्याने कीटक, कोळी इत्यादी संधिपाद प्राण्यांची वस्ती दाट असते. परंतु तेथवर पोहोचणे दुर्घट. म्हणून त्यांच्या जाती किती, हे दीर्घकाळ अज्ञात होते.

अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्थेचे कीटकशास्त्रज्ञ टेरी एर्विन यांनी पनामा देशात लुहेआ सीमान्नी या एकाच जातीचे १९ वृक्ष निवडले. वृक्षमाथ्यात कीटकनाशकाचे धुके सोडून खाली पडणारे प्राणी त्यांनी गोळा केले. त्यांत भुंगेऱ्यांच्याच सुमारे १,२०० जाती आढळल्या.

यांपैकी १६३ जाती केवळ याच वृक्षावर राहणाऱ्या असाव्यात, असे त्यांनी मानले. उष्ण कटिबंधात वृक्षांच्या ५०,००० जाती धरल्यास १६३ × ५०,००० = ८१,५०,००० भुंगेरे-जाती होतात. संधिपादांत भुंगेरे शेकडा ४० मानल्यास वृक्षमाथ्यावरील एकूण जाती सुमारे २ कोटी, व जमिनीवरील त्यांच्या निम्म्या धरल्यास सर्व मिळून ३ कोटी. हा अंदाज १९८२ मध्ये प्रसिद्ध झाला.

गुणाकार बिनचूक होता. तथापि १६३ हा आकडा मोजलेला नव्हता, मानलेला होता. पुढे पापुआ न्यू गिनीमध्ये कोणता कीटक कोणत्या वृक्षाची पाने खातो, हे प्रत्यक्ष तपासण्यात आले. अनेक जाती अनेक वृक्षांवर आढळल्या, आणि २००२ मध्ये नवा अंदाज ४० ते ६० लाखांवर आला. तरीही एर्विन यांचे श्रम व्यर्थ गेले नाहीत. त्यांच्या अंदाजामुळेच ही तपासणी सुरू झाली.

वर्गासाठी कृती : बाभळीच्या फांदीखाली उघडी छत्री उलटी धरावी व फांदी काठीने हलकेच ठोकावी. छत्रीत पडलेल्या प्राण्यांचे पाय मोजावेत. सहा असल्यास कीटक, आठ असल्यास बहुधा कोळी. हाच प्रयोग बोरीखाली करावा. मुलांनी प्राण्यांना हात लावू नये. नंतर ते सोडून द्यावेत. मुंगळ्यांची अथवा मधमाश्यांची वस्ती असलेले झाड टाळावे.

समजा, बाभळीवर ९ व बोरीवर ७ प्रकार मिळाले आणि त्यांतील ४ दोन्हीकडे समान आहेत. मग एकूण प्रकार १६ नव्हेत, १२ होत. मुलांच्या वहीत ‘मोजलेले’ व ‘मानलेले’ असे दोन रकाने असावेत. हा भेद ज्याला बालपणी कळला, तो पुढे छापील आकड्यालाही प्रश्न विचारील.